चांद्याचा परकोट की ताडोबाचा वाघ? चार दिवसांत काय काय जमेल?

आभाळवेडी | १८ नोव्हेंबर, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात नागपूरला उतरून चंद्रपूर (म्हणजे जुना चांदा) आणि ताडोबा करायचं घाटतंय. माणसं चार: मी, नवरा, अकरा वर्षांचा मुलगा आणि माझी आई. आई अडुसष्टची. गुडघे कुरकुरतात, पण जीभ आणि कुतूहल दोन्ही शाबूत. तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलाय तिने.

ट्रॅव्हलवाल्याने आखून दिलेला बेत असा: विमानतळावरून थेट रिसॉर्ट, चार सफारी, रिसॉर्टवरून विमानतळ. आईने तो कागद चष्मा वर करून वाचला आणि विचारलं, "म्हणजे चांद्याला जायचं आणि चांदा बघायचा नाही?"

आता मी अडकलेय. नवरा आणि मुलगा म्हणतात सगळ्या सफारीच करू, वाघ दिसायला हवा. आईला गोंड राजांचा किल्ला, समाध्या, बल्लारपूर असं सगळं हवंय. मी नेटवर किल्ल्याचे फोटो पाहिले. काही सुंदर आहेत, काहींत नुसता कचरा आणि बाभळी. शहराला एक दिवस देण्यासारखं खरंच काही आहे का? सफारी किती पुरे? आणि पहाटेच्या उघड्या जिप्सीत आईला थंडी सोसेल का?

---

जंगलभूल | १८ नोव्हेंबर, रात्री १०.२५

चारच्या तीन करा. दोन गाभ्यात (आतलं राखीव जंगल), एक बफरमध्ये (त्याभोवतीचा पट्टा). चौथीला माणूस नुसता डुलक्या काढतो, स्वानुभव आहे.

आधी एक गोष्ट तपासा. रिसॉर्ट कोणत्या गेटजवळ आहे आणि सफारी कोणत्या गेटची काढली आहे? नागपूरहून चिमूरमार्गे येणाऱ्यांना कोलारा आणि नवेगाव गेट जवळ पडतात, चंद्रपूरकडून मोहर्ली. नकाशावर हे सगळं एकाच हिरव्या ठिपक्यात दिसतं, पण मध्ये अख्खं जंगल आहे आणि पहाटे त्यातून आडवं जाता येत नाही, वळसा घालावा लागतो. शहर बघायचं असेल तर मुक्काम मोहर्लीकडेच हवा.

बाकी सूचना: गाभा मंगळवारी बंद असतो. मोबाईल आत नेता येत नाही, कॅमेरा चालतो. एका जिप्सीत सहा पर्यटक, शिवाय गाइड आणि ड्रायव्हर. ओळखपत्र बुकिंगला दिलं तेच मूळ न्यायचं. थंडीचं म्हणाल तर जानेवारीत सकाळी सहाला उघड्या गाडीत कानटोपी, हातमोजे, गुडघ्यांवर घोंगडी एवढं लागतंच. आईंना मधल्या रांगेत बसवा, मागची सीट उंच असते आणि धक्के जास्त.

आणि हिवाळ्यात गवत उंच असतं, पाणी जागोजागी असतं. एप्रिल-मेमध्ये वाघ पाणवठ्यावर येतोच, तशी हमी जानेवारीत नाही. मुलाला हे आधीच सांगून ठेवा. गवे, रानकुत्रे, अस्वल, तळ्यातल्या मगरी हेही तिथले रहिवासीच आहेत म्हणावं.

---

आभाळवेडी | १८ नोव्हेंबर, रात्री १०.५८

अरे देवा. तपासलं. रिसॉर्ट कोलाऱ्याजवळ आणि चारही सफारी मोहर्लीच्या! उद्या सकाळी फोन करते त्याला. जंगलभूल, तुम्हाला पुण्य लागो.

---

चांदेकर | १९ नोव्हेंबर, सकाळी ७.१२

आभाळवेडी ताई, आईंना आमचा नमस्कार सांगा. 'चांदा' म्हणणारं माणूस भेटलं की आमच्यासारख्यांले बरं वाटते. सरकारी नाव १९६४ मध्ये बदललं, पण खेड्यातली म्हातारी माणसं अजून चांद्यालेच येतात, चंद्रपूरले नाही.

शहर बघण्यासारखं आहे का म्हणून विचारता, तर आधी गोष्ट ऐका. गोंड राजांची गादी मूळ सिरपूरला, म्हणजे आता तेलंगणात. खांडक्या बल्लाळशहाच्या अंगावर गळवं उठली होती, खांडुकं, म्हणून तो खांडक्या. काही केल्या बरी होईनात. राणीच्या सल्ल्यानं त्यानं वर्धा नदीच्या काठी बल्लारपूरला किल्ला बांधून गादी हलवली. एकदा शिकारीत तहान लागली म्हणून झरपट नदीच्या कोरड्या पात्रात एका खळग्यातलं पाणी प्यायला, त्यानंच हातपाय-तोंड धुतलं. त्या रात्री त्याले शांत झोप लागली. सकाळी राणी बघते तर गळवं उतरलेली. दोघं त्या जागी परत गेले तर दगडात गाईची पावलं, त्यात पाणी साचलेलं. तिथं अंचलेश्वराचं देऊळ झालं.

पुढची गोष्ट आणखी मजेची. त्याच भागात राजाला एक ससा दिसला, कपाळावर पांढरा ठिपका. आणि ससाच राजाच्या कुत्र्याच्या मागे लागलेला! मोठा फेरा मारून शेवटी कुत्र्यानं सशाला लोळवला. राणी म्हणाली, ज्या वाटेनं ससा धावला त्या वाटेवर तट बांधा. आमच्या परकोटाची रेघ ती अशी. एवढ्या मोठ्या शहराचा नकाशा सशानं काढलेला दुसरा कुठं असेल तर सांगा.

कारागीर म्हणून तेल ठाकुराचं नाव घेतात. पाया घातला बल्लाळशहानं, पण तट पुरा व्हायला पुढच्या कित्येक पिढ्या गेल्या. चार दरवाजे: उत्तरेला जटपुरा, पूर्वेला अंचलेश्वर, दक्षिणेला पठाणपुरा, पश्चिमेला बिनबा. आणि पाच खिडक्या: बगड, हनुमान, विठोबा, मसान आणि चोर खिडकी. खिडकी म्हणजे लहान दरवाजा, घराची खिडकी नव्हे. मसान खिडकीतून काय न्यायचे ते नावातच आहे.

या तुम्ही. सकाळी आठला निघालो तर दुपारच्या जेवणापर्यंत होते सगळं.

---

वाटसरू | १९ नोव्हेंबर, सकाळी ७.४०

ससा आणि कुत्रा! +१. हंपीलाही अशीच कथा सांगतात नं? जिथे ससे शिकारी कुत्र्यांवर उलटतात ती जागा राजधानीला शुभ, असा काहीतरी संकेत असावा.

---

रोखठोक | १९ नोव्हेंबर, दुपारी १.०५

गोष्टी छान आहेत, पण ताईंनी भ्रमात राहू नये. मी कामानिमित्त चंद्रपूरला बऱ्याचदा गेलोय. जटपुरा गेट म्हणजे वाहतूक कोंडीचं दुसरं नाव. कमानीखालून रिक्षा, ट्रक, शाळेच्या बस, सगळं एकत्र. मान वर करून कोरीवकाम बघायला जाल तर मागचा हॉर्न वाजवून वेडं करेल. तटाला लागून घरं, झोपड्या, गोठे. कोळशाची धूळ, थर्मल वीजकेंद्राची धुराडी. वर तुम्ही एवढा खर्च करून येणार. सरळ जंगलात चार दिवस काढा. इतिहासाची हौस असेल तर आग्रा-दिल्ली आहेच.

---

चांदेकर | १९ नोव्हेंबर, दुपारी २.३०

रोखठोक भाऊ, कोंडी आहे हे कबूल. धूळ आहे हेही कबूल. आमच्या फुप्फुसांले ते तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे.

पण कचरा-बाभळींची गोष्ट अर्धीच सांगता तुम्ही. २०१७ च्या मार्चमध्ये ईको-प्रो या संस्थेच्या पोरांनी रोज सकाळी परकोट साफ करायला घेतला. कुदळ, फावडं, टोपली. एक-दोन दिवस फोटोपुरतं नाही, दोनशे दिवसांच्या वर. त्या ऑक्टोबरात 'मन की बात'मध्येही त्याचा उल्लेख झाला. बुरुज मोकळे झाले, तटावरून चालायची वाट झाली. बगड खिडकीकडून वर चढा, एका हाताले जुनं शहर, दुसऱ्या हाताले बाहेरचा उतार. आईंना पायऱ्या जमत नसतील तर खालून पठाणपुरा गेट दाखवा. गर्दी कमी, कमान धड, गाडी बाजूले लावून निवांत बघता येते. पुढं इरई आणि झरपटीचा संगम आहे. पावसाळ्यात पूर आला की तो रस्ता पाण्याखाली जातो, जानेवारीत काही नाही.

जटपुऱ्याचं कोरीवकाम बघायची युक्ती: रविवारी सकाळी लवकर. समोर चहाच्या टपरीवर बसा. दरवाजावर सिंहासारखा एक प्राणी दिसेल, त्यानं हत्तीला नमवलेलं. ती गोंड राजांची निशाणी. चारही दरवाजांवर शोधायला लावा मुलाला.

---

मोडीवाचक | १९ नोव्हेंबर, रात्री ८.१५

चांदेकरांच्या यादीत पहिला क्रमांक मी परकोटाला देणार नाही, बिरशहाच्या समाधीला देईन. अंचलेश्वर दरवाजाजवळ, देवळाला लागूनच गोंड राजघराण्याच्या समाध्या आहेत. त्यांत सगळ्यांत मोठी ती बिरशहाची. घुमट, कमानी, जाळ्या, चौथरा. बांधणीवर मुसलमानी वास्तुशैलीची छाया स्पष्ट आहे, आणि शेजारी शिवाचं देऊळ. अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा चांदा कसा होता ते या एका आवारात समजतं.

बिरशहाचा खून झाला, तोही त्याच्या दुसऱ्या लग्नाच्या प्रसंगी, हिरामण नावाच्या त्याच्याच पदरच्या रजपुताकडून. मागे राहिली राणी हिराई. मुलगा नाही. तिने नात्यातला रामशहा दत्तक घेतला आणि तो लहान असेपर्यंत राज्य स्वतः चालवलं. नवऱ्याची समाधी तिने बांधली. महाकालीचं देऊळ आज दिसतं त्याचं श्रेयही तिच्याकडे जातं, अंचलेश्वराच्या जीर्णोद्धाराचंही.

लोक सरसकट 'विदर्भाचा ताजमहाल' म्हणतात, मला ते रुचत नाही. शहाजहानच्या हाती तिजोरी होती आणि गादीला धोका नव्हता. हिराईच्या हाती खून झालेल्या राजाचं राज्य होतं, बाहेर मराठे आणि मोगल दोघंही टपलेले. अशा वेळी एवढी वास्तू उभी करणं म्हणजे 'गादी अजून इथेच आहे' असं दगडात लिहून ठेवणं. प्रेम असेल, नाही कोण म्हणतं. पण राजकारणही आहे.

पुढे १७५१ च्या सुमारास नीलकंठशहाकडून नागपूरच्या रघुजी भोसल्यांनी चांदा घेतला आणि गोंडांचं राज्य संपलं. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांनी तोफा लावून तट फोडला, किल्लेदार गंगासिंग लढता लढता पडला. गोंडांचा राजवाडा होता तिथे आता जिल्हा कारागृह आहे. याच जागी २१ ऑक्टोबर १८५८ ला बाबुराव शेडमाके यांना फाशी दिली. मोलमपल्लीचा हा तरुण जमीनदार गोंड, माडिया, रोहिले गोळा करून कंपनी सरकारशी लढला होता. कारागृह बाहेरूनच पाहता येतं, पण आईंना ती जागा जरूर दाखवा.

---

शब्दखुळी | १९ नोव्हेंबर, रात्री ८.४०

वाह! मोडीवाचक, स्वतंत्र लेख लिहा बरं यावर. धाग्यात हरवून जाईल.

---

मोडीवाचक | १९ नोव्हेंबर, रात्री ९.०२

धन्यवाद. लिहायचं म्हणतोय गेली सहा वर्षं.

एक राहिलं. लालपेठेत उघड्यावर अजस्र मूर्ती पडून आहेत. पडून म्हणजे खरोखर पडून. एकेक मूर्ती एकाच दगडातली. सगळ्यांत मोठी दहा तोंडांची दुर्गा, बरेच लोक तिला रावण समजतात. शिवाय प्रचंड शिवलिंग, नंदी, मासा-कासव वगैरे. सांगतात ते असं की रायप्पा नावाच्या धनाढ्य कोमट्याला भव्य शिवमंदिर बांधायचं होतं. मूर्ती आधी घडवल्या, देऊळ सुरू व्हायच्या आतच तो वारला. एवढ्या वजनाच्या मूर्ती हलवणार कोण? राहिल्या तिथेच. चंद्रपुरातली माझी सगळ्यांत आवडती जागा. राजांनी बांधलेलं पुष्कळ असतं, पण व्यापाऱ्याचं अपुरं राहिलेलं स्वप्न असं डोळ्यांसमोर आडवं पडलेलं फार ठिकाणी बघायला मिळत नाही.

---

मोहाचं_झाड | २० नोव्हेंबर, सकाळी ५.२०

सफारीले निघायच्या आधी लिहितो आहे. मी मोहर्लीकडचाच, गाइडकी करतो.

इथं सगळे किल्ला वेगळा आणि जंगल वेगळं धरून बोलून राहिले. आमच्याकडं तसं नाही. ताई, तुमची आई मोहर्लीतून आत गेली की तिले रस्त्याच्या कडेले दगडी खांब दाखवायला सांगा. मोहर्ली-ताडोबा रस्त्यावर ओळीनं आहेत. गोंड राजांच्या काळचे. आमचे वाडवडील सांगत की वरून दोर ओवलेला असे, त्याले घंटा. राजा निघाला की एका टोकाले दोर ओढायचा, पुढच्यांना समजे. मोबाईल न्यायला मनाई असलेल्या जंगलात तेव्हाचा मोबाईल होता म्हणा नं.

जिप्सीवाले तिथून सुसाट जातात, कारण पर्यटकाले वाघ पायजे. तुम्ही आधीच सांगून ठेवा, दोन मिनिटं गाडी हळू करतात. खाली उतरता येणार नाही, तो नियम आहे.

दुसरं, ताडोबा हे नाव. तारू नावाचा आमचा गोंड गावप्रमुख होता, वाघाशी झुंजताना मेला. तळ्याच्या काठी झाडाखाली त्याचं ठाणं आहे. तारूबाचा ताडोबा झाला. पौषात आमची माणसं तिथं दर्शनाले जातात. तुम्ही जानेवारीत येणार म्हणजे पौष असेलच. ज्या देवाचं नाव घेऊन जग वाघ बघायले येते तो देव वाघानं मारलेला माणूस आहे, हे गाइडनं सांगितलं नाही तर गाइड काय कामाचा?

तिसरं, तळी. हिरशहा राजाचा हुकूम होता म्हणतात: जो जंगल साफ करून गाव वसवील त्याले सनद, आणि जो तलाव बांधील त्याले त्या पाण्यानं भिजेल तेवढी जमीन. आमच्या झाडीपट्टीत गावोगावी जुने तलाव दिसतात ते उगाच नाही. जुनोन्याचा तलाव बघा, चंद्रपूरपासून जवळ. काठावर जुन्या महालाचे अवशेष आहेत, आणि तिथंच आता बफरचं गेट आहे. राजाच्या तलावावर आता वाघ पाणी पितो, एवढाच फरक.

निघतो. गाडी आली.

---

रोखठोक | २० नोव्हेंबर, सकाळी १०.१०

मोहाचं_झाड, हे खांबांचं मला खरंच माहीत नव्हतं. त्या रस्त्याने तीनदा गेलोय. तिन्ही वेळा वाघाच्या नादात.

(पण जटपुरा गेटबद्दल मत कायम.)

---

जंगलभूल | २० नोव्हेंबर, दुपारी १२.३०

सुंदर लिहिलंत. यात थोडी भर. ताडोबा १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, महाराष्ट्रातलं सगळ्यांत जुनं, तेव्हा फक्त ११६ चौरस किलोमीटरचं. १९८६ मध्ये शेजारी अंधारी अभयारण्य झालं, नदीच्या नावावरून. नव्वदच्या दशकात दोन्ही मिळून व्याघ्रप्रकल्प. आज गाभा सुमारे सव्वासहाशे चौरस किलोमीटर, भोवती अकराशेच्या वर बफर. बफरमध्ये गावं आहेत, शेती आहे, आणि वाघही आहेत. म्हणून तुमची एक सफारी बफरमध्ये घ्या म्हटलं. आगरझरी, देवाडा, जुनोना, मोहर्लीकडून सगळे सोयीचे.

जुने लोक 'वाघडोह'ची आठवण काढतील, फार मोठा नर होता, २०२२ च्या मे महिन्यात म्हातारपणी गेला. पांढरपौनीच्या 'माया'चे फोटो तर जगभर गेले. नावं ठेवणं मला स्वतःला आवडत नाही, पण मुलांना त्यामुळे गोडी लागते हेही खरं.

---

कडूलिंब | २० नोव्हेंबर, रात्री ९.५०

एवढं गोड चाललंय म्हणून थोडं कडू. तारूबाची जत्रा पूर्वी आसपासच्या गावांची हक्काची होती. आता वेळा, गाड्या, परवानगी, सगळं वनखात्याच्या हिशोबाने. गाभ्यातली बोटेझरी, नवेगाव, जामणी अशी गावं बाहेर हलवली. काहींना पुनर्वसन मानवलं, काहींना नाही. आणि बफरमध्ये मार्च-एप्रिलला पहाटे मोह वेचायला वाकलेली बाई, मेमध्ये तेंदूपत्ता तोडणारा माणूस, यांच्यावर वाघाचा हल्ला झाल्याची बातमी दर वर्षी येते. वाकलेलं माणूस वाघाला जनावरासारखं दिसतं असं म्हणतात. गोंड राजांची तळी, घंटेचे खांब याचं कौतुक करताना त्यांचे वंशज त्या जंगलात पर्यटकांच्या मागे उभे आहेत हे विसरू नये.

---

मोहाचं_झाड | २१ नोव्हेंबर, दुपारी ३.१५

कडूलिंब, खोटं नाही बोलले तुम्ही. माझ्या आजीनं मोह वेचला, मायनं वेचला, आणि आता मीच बायकोले सांगतो एकटी जाऊ नको. पण एक सांगतो. जंगलावर आता घर चालते माझं, आणि गावातल्या पोरीही गाइडकी करून राहिल्या, जिप्सी चालवून राहिल्या. वाघ नसता तर पोरं खाणीत नाहीतर शहरात गेली असती. राग आणि पोट दोन्ही एकाच घरात राहतात आमच्या.

---

आभाळवेडी | २२ नोव्हेंबर, रात्री १०.०५

आईला अख्खा धागा वाचून दाखवला. दोनदा. कडूलिंब आणि मोहाचं_झाड यांच्यावर ती बराच वेळ गप्प होती.

बेत बदलला. रिसॉर्ट मोहर्लीकडचं घेतलं (आधीच्याने अर्धे पैसे ठेवून घेतले, असो). पहिला दिवस नागपूर-भद्रावती-चंद्रपूर, मुक्काम शहरात. दुसऱ्या दिवशी सकाळी शहर, दुपारी मोहर्ली. मग तीन सफारी. बल्लारपूर कुठे बसेल? आणि भद्रावतीत काय बघायचं?

---

चांदेकर | २२ नोव्हेंबर, रात्री १०.४०

भद्रावती नागपूर रस्त्यावरच लागते, त्यामुळं बेत उत्तम. विजासनची बौद्ध लेणी, भद्रनागाचं देऊळ, जैनांचं पार्श्वनाथ मंदिर. एकाच गावात तिन्ही. लेण्यांत अंधार असतो, बॅटरी न्या. दोन तास धरा.

बल्लारपूर पंधरा-सोळा किलोमीटर. वर्धेच्या काठावरचा किल्ला, दरवाजा धड, आत पडझड फार. आईंचे गुडघे बघता नदीकडच्या बाजूले उतरू नका. शहर लवकर आटोपलं तरच जा, नाहीतर पुढच्या खेपेला. माणिकगड, मार्कंडा हे तर या खेपेत विसरूनच जा. लोक एका दिवसात सगळं कोंबतात आणि मग गाडीतच झोपतात.

महाकालीले मात्र जाच. चैत्रात यात्रा भरते तेव्हा नांदेडकडून, तेलंगणातून माणसं येतात, झरपटीचा काठ फुलून जाते. जानेवारीत शांत असते.

---

आभाळवेडी | २१ जानेवारी, रात्री ८.३०

आलो परत! उशीर झाला लिहायला, मुलाच्या परीक्षा.

भद्रावतीच्या लेण्यात वटवाघळं उडाली आणि नवरा आमच्या आधी बाहेर. तेवढं एक सोडता दिवस मस्त गेला.

शहर. रविवार साधला. पावणेसातला जटपुऱ्यासमोर टपरीवर बसलो. रोखठोक, तुमची कोंडी आम्हाला भेटली नाही, पण आठ वाजता तिथून परत गेलो तेव्हा भेटली. मुलाने सिंह-हत्ती शोधला आणि लगेच विचारलं, "गोंडांकडे सिंह होते?" टॅक्सीवाला म्हणाला वाघ होते, आहेत. मग सिंह का कोरला, यावर आजी-नातवाची जी जुंपली ती पठाणपुऱ्यापर्यंत.

बिरशहाच्या समाधीपाशी आई चौथऱ्यावर बसून राहिली. जाळीतून ऊन आत येत होतं. मी म्हटलं निघू या का, तर म्हणाली, "हिराईला इथे बसायला वेळ मिळाला असेल का गं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

लालपेठेत मुलगा ओरडलाच, "रावण!" आजीने तोंडं मोजायला लावली, मग हात, मग आयुधं. दुर्गा असल्याचं त्याने स्वतःच कबूल केलं. शेजारी पोरं क्रिकेट खेळत होती. चेंडू देवीच्या खांद्यावरून टप्पा घेऊन आला. कुणाला काही वाटलं नाही, आम्हालाही नाही.

बल्लारपूर राहिलं. महाकाली झाली. परकोटावर फक्त मी आणि मुलगा चढलो, आई खालून सूचना देत होती.

जंगल. पहिली सफारी: धुकं, दात वाजत होते, चितळं, एक गवा, संपलं. पण खांब दिसले! गाइडताई होत्या, त्यांना आधीच सांगितलं होतं. गाडी हळू केली. आई मोजायला लागली आणि जिप्सीतल्या दुसऱ्या दोघांनी घड्याळ बघायला सुरुवात केली, तेव्हा तिनेच "चला" म्हटलं. ताडोबा तळ्यावर मगर वाळूत पसरलेली. तारूबाच्या ठाण्याकडे आईने लांबूनच हात जोडले.

दुसरी सफारी: रानकुत्र्यांची टोळी, नऊ. मुलगा वाघ विसरला. तिसरी, बफरची, जुनोन्याकडून. सांबराचा इशाऱ्याचा कॉल आला, वानरं खाकरायला लागली, गाडी थांबली. वीस मिनिटं कुणी बोललं नाही. मग बांबूतून पट्ट्यांची एक पाठ सरकली आणि गेली. तोंड दिसलं नाही. नवरा म्हणतो हे मोजायचं नाही, मुलगा म्हणतो मोजायचं. मतदान घ्यायचं ठरलंय.

---

जंगलभूल | २१ जानेवारी, रात्री ८.५२

मोजायचं! पाठ हा वाघाचाच भाग आहे. आणि नऊ रानकुत्री म्हणजे नशीब काढलंत.

---

कडूलिंब | २१ जानेवारी, रात्री ९.१०

मोजायचं.

---

मोडीवाचक | २१ जानेवारी, रात्री ९.३०

मुलाला सांगा, सिंहाचा प्रश्न चोख आहे. देवळांवर, किल्ल्यांच्या दरवाजांवर हा प्राणी महाराष्ट्रभर दिसतो, शरभ किंवा शार्दूल म्हणतात त्याला. सिंह असतोच असं नाही, पुष्कळदा कारागिराच्या कल्पनेतलं जनावर असतं. हत्ती म्हणजे शत्रूचं बळ. राजाच्या राज्यात कोणतं जनावर राहतं याचा आणि त्याचा संबंध जोडायला हवाच असं नाही. पण आजीने यावर काय बाजू मांडली ते ऐकायला आवडेल.

---

आभाळवेडी | २१ जानेवारी, रात्री १०.१५

आजी शेजारी बसूनच वाचतेय. तिचं म्हणणं जसंच्या तसं देते: "जंगलातल्या वाघाला राजा कशाला दारावर बसवेल? तो रोज येऊन जाऊन असायचा. दारावर पाहुणाच शोभतो."

आणि एक निरोप चांदेकरांना. बिनबा गेट आणि बल्लारपूर राहिलं, खांबही मोजून झाले नाहीत. उन्हाळ्यात यायचं म्हणतेय.

---

चांदेकर | २२ जानेवारी, सकाळी ६.५०

काकूंना म्हणावं या, पण मेमध्ये नको. पारा सेहेचाळीस-सत्तेचाळीसले टेकते, दुपारी कावळासुद्धा फिरकत नाही. दिवाळी झाली की या. बिनबा मी स्वतः दाखवतो, आणि खांब मोहाचं_झाड मोजून देईल.

---

मोहाचं_झाड | २२ जानेवारी, संध्याकाळी ७.०५

मोजून नाही देणार. काकूंनी स्वतः मोजायचे. गाडी मी हळू करायला सांगतो.